शिवेवरचे मामा आणि तिसरा भोंगा

आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते शोभेचं. वेळ आम्हाला मांडणीवरच्या भांड्यांवरून कळायची. धरणाच्या पायथ्याला पावरहाऊस आणि तिथून हाकेच्या अंतरावर आमच्या क्वार्टरांची ओळ. आत मशीन फिरायला लागली की जमिनीतून बारीक थरथर यायची, आणि मायच्या पितळी डब्याचं झाकण किणकिण करायला लागायचं. मशिनी तीन होत्या. कॉलनीतल्या बायकांनी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती, एका घरातल्या तीन जावांसारखी. थोरली लागली की नुसतं झाकण वाजायचं, मधली लागली की ताटं जागची सरकायची, आणि धाकटी बारा महिन्यांतले आठ महिने रुसून बसलेली असायची. माय परातीत भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणायची, "आज मधली उठली वाटतं. हिला कुनी सांगितलं उठायला, सगळी ताटं खाली पाडायली." आणि खरोखर, आबा ड्यूटीवरून आले की पहिलं वाक्य हेच असायचं, की आज मधली लावावी लागली. साहेब लोकांना ज्यासाठी काचेचे दहा काटे लागायचे, ते मायला एका झाकणात दिसायचं. धरणाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या वेळची दोन-चार माणसं अजून पेन्शन खातायत आणि त्यांचा माझ्यावर आधीच राग आहे.

आबा म्हणजे माझे वडील. ते पावरहाऊसचे ऑपरेटर होते, आणि सगळ्या पंचक्रोशीत त्यांचं नाव 'आपरेटर' हेच होतं. लग्नपत्रिकेवरसुद्धा लोक तसंच छापायचे. पोरसवदा वयात ते घरातून पळून सह्याद्रीतल्या एका जुन्या पावरहाऊसवर झाडू मारायला लागले होते. तिथल्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा व्हायचा. कड्यावर तळं, तळ्यातून हत्ती आत जाईल एवढाले लोखंडी नळ सरळ खाली दरीत सोडलेले, आणि पावसाळ्यात धुकं इतकं, की शेजारी उभा असलेला माणूस फक्त खोकल्यावरून ओळखायचा. तिथे झाडू मारता मारता ते तेल घालायला शिकले, तेल घालता घालता काटे वाचायला शिकले, आणि आपल्या भागात धरण होऊन मशिनी बसायला लागल्या तेव्हा गाठोडं घेऊन परत आले. आमच्या जिंतूरकडच्या डोंगरांवर मात्र त्यांचा जीव कधी बसला नाही. "ह्येला काय डोंगर म्हनायचं? म्हशी बसल्यात नुसत्या," असं म्हणायचे. पहिली मशीन आली तेव्हा खोक्याचा ट्रेलर ह्याच म्हशींच्या चढावर रुतला होता आणि तो ओढायला गावोगावचे बैल आणावे लागले होते, ह्याची आम्ही आठवण करून दिली की ते विषय बदलायचे.

त्या घाटातल्या पावरहाऊसवरून आबांनी एक गोष्ट मात्र अंगात भिनवून आणली होती, ती म्हणजे भोंगा. मशीन लागली की तिच्यातून सुटलेलं पाणी नदीत येतं, आणि उन्हाळ्यात कोरडी दिसणारी नदी बघता बघता कमरेएवढी होते. म्हणून आधी तीन भोंगे द्यायचे, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने. पहिल्याला बायकांनी धुणं गोळा करायचं, दुसऱ्याला गुरं बाहेर काढायची, तिसऱ्याला नदीत कुत्रंसुद्धा राहता कामा नये. घाटातल्या त्या जुन्या जागी एक मुकादम होता. मासे धरणाऱ्या पोरांना पळवून लावायला तो गंमत म्हणून भोंगा वाजवायचा. लोक चार वेळा पळाले. पाचव्या वेळी हसत बसून राहिले, आणि पाचव्या वेळी पाणी खरं होतं. तिथे पुढे काय झालं ते आबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तेवढ्यावर थांबून ते तंबाखू मळायचे. त्यांचा नियम असा, की भोंगा वाजला म्हणजे पाणी आलंच पाहिजे, आणि पाणी यायचं असेल तर भोंगा वाजलाच पाहिजे. देवाधर्माचं त्यांना फारसं काही नव्हतं. मायचे उपास ते 'डायट' म्हणायचे, आणि घरात मासळी चालत नाही म्हणून साळवे काकांच्या घरी जाऊन धरणातल्या मरळीवर ताव मारायचे. भोंग्याच्या बाबतीत मात्र ते ब्राह्मणाहून सोवळे होते.

साळवे काका म्हणजे आबांचे हेल्पर. पहिल्या भोंग्यानंतर लाल झेंडा घेऊन नदीत उतरायचं, काठाकाठाने फिरायचं, सगळे बाहेर निघाले का बघायचं आणि मग झेंडा हलवून आबांना खूण द्यायची, हे त्यांचं काम. ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून मराठवाडा दोन्ही बाजूंनी पेटलेला. कधी मोर्चा, कधी बंद, कधी परभणीत संचारबंदी, कधी कुठे एसटीच्या काचा. साळवे काकांचे पुतणे मोर्चात होते, आणि आमच्यातले कितीतरी लोक दुसऱ्या बाजूला. कॉलनीतही काही घरांनी काकांच्या घरचं चहापाणी तेव्हा बंद केलं होतं. आबांनी केलं नाही, पण त्याचं श्रेय मी तत्त्वाला देणार नाही. निम्मं श्रेय त्या मरळीच्या कालवणाला आहे.

आता अक्का. माझी थोरली बहीण सुमन, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. जिंतूरला बारावी झाली होती आणि तिला परभणीला कॉलेजात जायचं होतं. पण कॉलेजं आज उघडी तर उद्या बंद, आणि आबांनी, ज्यांनी स्वतः घरातून पळून जाऊन नोकरी शिकली, त्याच आबांनी ठरवलं की दिवस वाईट आहेत, पोरीचं लग्न करून टाकू. नदीपलीकडच्या गावचं स्थळ होतं, मुलगा दिगंबर, परभणीला नोकरीला. बघायला आले तेव्हा अक्काने मान खाली घातली ती वर केलीच नाही, त्यामुळे तिला नवऱ्याचे फक्त मोजे दिसले. उजव्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. "शके, ज्याला आपला मोजा नीट बघता येत नाही, त्याच्याबरोबर मी जन्म काढू?" असं ती मला रात्रंदिवस म्हणायची. हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या काठावरच्या, शिवेवरच्या मारुतीपुढे हात जोडून तिने मोठ्याने नवस केला, की हे लग्न मोडलं तर पाच नारळ फोडीन. माय शेजारीच होती. तिने अक्काच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मारुतीला सांगितलं, "तू हिच्याकडं ध्यान देऊ नको रं बाबा, हिला ताप हाय."

लग्न वैशाखातलं, मुहूर्त गोरजाचा. आणि नेमका त्याच दिवशी नामांतराच्या विरोधात बंद पुकारला गेला. सकाळपासून फाट्यावर बाभळीच्या फांद्या आणि दगड टाकून रस्ता अडवलेला, एसटी बंद. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या, आणि पुढचं सगळं रामायण या दोन गोष्टींतून झालं. एक, दुपारी चार वाजता आबांना मोकळं करायला जिंतूरहून जो बदली ऑपरेटर यायचा होता, तो आला नाही. मशिनीवर ऑपरेटर नसताना जागा सोडता येत नाही, म्हणून मुलीच्या लग्नाच्या दिवशी आबा पावरहाऊसमध्ये अडकले, अंगात खाकी आणि डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा. साळवे काका मात्र आपल्या गावाहून चालत आले होते. दोन, वऱ्हाडाला रस्त्याने पुलावरून येता येईना, म्हणून त्यांनी ट्रॅक्टर पलीकडच्या काठाला लावले आणि सगळे नदीच्या उतारातून पायी निघाले. उन्हाळ्यात त्या उतारात घोट्याएवढं पाणी असतं, मध्ये गोट्यांचं बेट, आणि त्या बेटावर शेंदूर फासलेला एक दगड. तो दगड म्हणजे आमच्या आणि त्यांच्या गावची शीव.

मांडवात आमची तयारी जय्यत होती. येसरच्या आमटीचा वास सगळ्या कॉलनीत भरला होता, बुंदीच्या परातीवर मी दोनदा हात मारून मायच्या शिव्या खाल्ल्या होत्या. अक्का गौरीहरापुढे हळद माखून बसली होती, तोंड असं, जणू कोणी तिला दवाखान्यात सुई टोचायला आणलंय. सहाच्या सुमाराला आमचे काका, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, पाच-सहा माणसं घेऊन वऱ्हाड आणायला नदीकडे निघाले. मी करवली, डोक्यावर कऱ्हा घेऊन मीही गेले. बघते तर वऱ्हाड त्या गोट्यांच्या बेटावर येऊन थांबलेलं, आणि बरोबर मध्यभागी, शेंदराच्या दगडाला पाठ टेकून, नवरदेवाचे मामा. हे पालमचे मामा. अंगाने दांडगे, पायात करकरणारा नवा जोडा, डोक्याला असा फेटा की त्याच्या सावलीत दोन माणसं जेवायला बसली असती. त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यांना राग लवकर यायचा आणि तो गेल्याचं त्यांना स्वतःलाही कळायचं नाही.

आमचे काका हात पसरून भेटीला पुढे झाले. मामांनी हात वर केला. "थांबा. तुमी कोन?"

"मी नवरीचा चुलता."

"नवरीचा बाप कुठाय?"

"दादा ड्यूटीवर हायेत. बदली मानूस आला न्हाई. बंद हाय ना आज."

"शिवेवर व्याह्याची भेट झाल्याबिगर आमी पाऊल उचलत न्हाई. आमच्या घरान्यात न्हाई ते. पोरीच्या बापाला पोरीपरिस मशीन लाडकी हाय का?"

काकांनी पुष्कळ गयावया केली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने शेवटी सांगितलं, "मामा, राग करा पर काठावर बसून करा. ही नदी हाय. सांजच्याला पानी येतंय हितं."

"पानी कुनाच्या हातात हाय?"

"आपरेटरच्या."

"आन् आपरेटर कोन?"

"नवरीचा बाप."

"मंग!" मामा मोठ्याने हसले. "लेकीच्या वऱ्हाडावर पानी सोडतंय व्हय कुनी? पानी घरचंच हाय की! अंथरा रे सतरंजी."

आणि खरंच सतरंजी अंथरली गेली. पानाचा डबा उघडला. बायका गोट्यांवर पदर पसरून बसल्या, पोरं डबक्यातले मासे धरायला लागली, आणि आता बसलोच आहोत तर म्हणून सनईवाल्या चाँदभाईंनी सूर लावला. म्हातारे चाँदभाई एका पायाने अधू होते, त्यांना दोघांनी धरून आणलं होतं, त्यांनाही बसायला मिळालं म्हणून बरंच वाटलं असणार. एवढं मोठं वऱ्हाड पाण्याच्या वाटेत बसलं होतं आणि कोणाच्या कपाळावर आठी नव्हती. व्याही म्हणजे घरचा माणूस आणि त्याच्या हातातलं पाणी म्हणजे घरचं पाणी, हे गणित त्या सगळ्यांना पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं होतं. मामा त्या बंदाच्या सभेत सगळ्यात पुढे बसणाऱ्यांपैकी होते, हे मात्र मला नंतर कळलं. म्हणजे ज्या बंदामुळे माझा बाप शिवेवर येऊ शकला नाही, तो बंद ह्याच गृहस्थांनी केला होता आणि वर रुसूनही हेच बसले होते.

मी कऱ्हा काकांच्या हातात देऊन पावरहाऊसकडे पळाले. आबा फोनवर होते. "हो साहेब. लावतो साहेब. थोरलीचं, आपलं, एक नंबरचं जरा ब्रशचं काम निघालंय साहेब." थोरलीला काही झालेलं नव्हतं. आबा ड्यूटीवर खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते त्यांना अजिबात जमत नव्हतं. फेट्याखालून घाम गळत होता. वरून हुकूम आला होता, की साडेसहाला मशीन हवी, दिवे लागायची वेळ आहे, सगळीकडून वीज मागायलेत. म्हणजे पहिला भोंगा सव्वासहाला व्हायला हवा होता. सव्वासहा होऊन गेले होते. नदीत सोयरे बसलेले असताना त्यांच्यावर भोंगा फुंकायचा म्हणजे कुत्री हाकलल्यासारखं त्यांना हाकलायचं, आणि मग ते जे परत जातील ते कायमचे. वैशाखातल्या मुहूर्तावर मांडवापासून परत गेलेलं वऱ्हाड म्हणजे मुलीच्या कपाळाला लागलेला डाग, निदान तेव्हा तरी सगळे तसंच समजायचे. आणि भोंगा न द्यावा तर मशीन लावता येत नाही, मशीन न लावावी तर नोकरी.

साळवे काका म्हणाले, "आपरेटर, पळत जा, गळाभेट घ्या आन् पळत या. पाच मिनटं मी बघतो."

"आन् तेवढ्यात फोन आला तर?"

"लावीन मी. मला येत न्हाई का?"

"माझ्यापरिस जास्त येतं तुमाला," आबा म्हणाले. "पर मशिनीला तुमचा हात लागला म्हनून उद्या नोकरी तुमची जाईल, माझी न्हाई. आन् ह्या दिवसांत तर लोक वाटच बघायलेत."

 साळवे काकांनी कोपऱ्यातला लाल झेंडा उचलला आणि उगीचच त्याची काठी पुसत राहिले. मला रडू यायला लागलं. लग्नासाठी नव्हे, आबांसाठी. एरवी ज्या माणसाला आम्ही सगळे टरकून असायचो, तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता आणि घड्याळाकडे बघत होता.

तेवढ्यात दारात अक्का. पिवळं लुगडं, कपाळाला मुंडावळ्या, अनवाणी. वऱ्हाड नदीत रुसून बसल्याचं मांडवात कळलं तशी गौरीहरापुढून उठून ती सगळ्या कॉलनीसमोरून चालत आली होती आणि तिच्या मागे माय, "आगं आवदसे, आगं परत फिर," म्हणत. अक्का आत आली आणि म्हणाली, "आबा, भोंगा कामून वाजला न्हाई?"

"तुझं वऱ्हाड बसलंय बाई नदीत."

"म्हनूनच इचारायले."

"वाजवला तर लगीन मोडतंय."

अक्काच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं ते मी कधी विसरणार नाही. तिला गेल्या महिनाभरात एवढी चांगली बातमी कोणी दिली नव्हती. ती सरळ भिंतीकडे गेली आणि भोंग्याची मूठ तिने दोन्ही हातांनी खाली ओढली.

आमचा भोंगा एरवी पोटातून ओरडायचा. त्या दिवशी तो मला चौपट मोठा वाटला. मायने दोन्ही कानांवर हात ठेवले. आबा अक्काकडे बघत राहिले. मला वाटलं आता मुस्काटात बसते. पण त्यांनी फेटा सारखा केला, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साळवे, झेंडा. भोंगा झालाय, आता पानी सोडावं लागतंय." त्यांच्या आवाजात जीव आला होता. जो निर्णय त्यांच्याने होत नव्हता, तो झाला होता.

आम्ही दोघी पावरहाऊसच्या गच्चीत आलो. तिथून सगळी नदी दिसायची. पहिल्या भोंग्याला वऱ्हाड हललंच नाही. मामांनी फक्त हात वर केला, बसा बसा, व्याही थट्टा करतोय, अशा अर्थी. साळवे काका लाल झेंडा घेऊन पाण्यातून पळत बेटाकडे निघाले होते. पाच मिनिटांनी आबांनी दुसरा भोंगा दिला आणि बायकांना काहीतरी उमगलं. बायका उठल्या म्हणजे पोरं उठली, पोरं उठली म्हणजे पुरुष उठले. तिसरा भोंगा झाला आणि मग जी पळापळ झाली ती मी शब्दांत सांगू शकत नाही. लुगडी खोचलेल्या बाया, खांद्यावर पोरं, डोक्यावर ट्रंका, उलटा धरलेला ढोल. रुखवताची एक परात नदीतच राहिली. मामा सगळ्यांना बाजूला सारत निघाले, पण चार पावलांवर त्यांचा एक जोडा चिखलात अडकला, आणि "जोडा! माझा जोडा!" म्हणून ते तिथेच वाकले. साळवे काकांनी झेंडा काखेत मारला, मामांचं मनगट धरलं आणि त्यांना बैल ओढावा तसं काठाकडे ओढत नेलं. एरवी त्या हातचं पाणीसुद्धा मामांना चाललं नसतं. त्या पाच मिनिटांत त्यांनी हात सोडा म्हटल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

अक्का मात्र मामांकडे बघत नव्हती. "शके, तो कोन गं?" तिने विचारलं. बाशिंग बांधलेला एक माणूस आमच्या काठाला पोचला होता, सगळ्यांच्या आधी, कारण तरणा होता. काठावर चढून त्याने मागे वळून पाहिलं. बेटावर चाँदभाई एकटेच राहिले होते. त्यांना धरून आणणारे दोघे कधीच पळाले होते, आणि म्हातारा उठायची खटपट करत होता, एका हातात सनई घट्ट धरून. बाशिंगवाल्याने पायातले जोडे-मोजे काढून फेकले आणि तो परत नदीत उतरला. लोक काठावरून ओरडायला लागले, त्याची आई किंचाळली. तो बेटावर गेला, चाँदभाईंना पाठकुळी घेतलं आणि परत फिरला. बाशिंग सुटून नाकावर आलं होतं, त्याला समोरचं दिसत नसणार, चाँदभाई वरून त्याला वाट सांगत होते. दोनदा धडपडला. तो काठाला लागला तेव्हा अक्काने माझा हात इतका आवळला होता की माझी एक बांगडी फुटली.

साळवे काकांनी नदीवरून नजर फिरवली आणि झेंडा हलवला. खाली आबांनी थोरलीला लावलं. गच्ची पायाखाली थरथरली. पाणी आलं, आधी फेसाची एक ओळ, मग सगळी नदी. शेंदराचा दगड बुडाला. सतरंजी, पानाचा डबा, परात आणि मामांचा एक जोडा, सगळं मिळून खालच्या अंगाला निघालं.

मामा तडक पावरहाऊसमध्ये आले, एक पाय अनवाणी, भांडायच्या तयारीने. मागे नवरदेव, त्याची आई, अर्धं वऱ्हाड. मामांनी तोंड उघडलं आणि मशिनीच्या आवाजात त्यांचं एक अक्षर ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर ही पाळी आली असणार. आबांनी डावा हात पुढे केला आणि ओरडून म्हणाले, "मामा, भेट घ्या! एकाच हातानं हाय, दुसरा मशिनीवर हाय!"  मामांनी भरलेल्या नदीकडे बघितलं, आपल्या अनवाणी पायाकडे बघितलं, कोपऱ्यात उभ्या साळवे काकांकडे बघितलं. त्यांनी काय हिशोब केला कोण जाणे, पण त्यांनी पुढे होऊन आबांना मिठी मारली.

आता सगळे अक्काकडे बघायला लागले. आमच्याकडे नवरीने बोलायची रीत नाही, पण त्या दिवशी रीत नदीत वाहून गेली होती. अक्का नवरदेवासमोर जाऊन उभी राहिली. त्याचे पाय अनवाणी होते, त्यामुळे मोज्याचा प्रश्नच मिटला होता. ती ओरडून म्हणाली, "मला शिकायचंय. शिकू देताल का?"

तो कमरेत वाकून धापा टाकत होता. "देतो," म्हणाला, "पर आधी प्यायला पानी द्या."

"आन् भोंगा मी वाजवला," अक्का म्हणाली. "आबांनी न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. "मामा माझ्या बापाचंसुद्धा ऐकत न्हाईत."

आबांना जागा सोडता येत नव्हती म्हणून लग्न पावरहाऊसच्या अंगणात, तारेच्या कुंपणाच्या अलीकडे लागलं. मंगलाष्टकं मशिनीच्या घरघरीत कोणाला ऐकू आली नाहीत, अक्षता केव्हा टाकायच्या ते चाँदभाईंच्या सनईकडे बघून टाकल्या. आबांनी खिडकीतून टाकल्या. साळवे काकांना मायने पहिल्या पंगतीला बसवलं, मामांच्या शेजारी. मामांनी येसरच्या आमटीचे चार वाडगे घेतले. बघा, सगळं बदललं असं काही मी म्हणणार नाही. पुढच्या बंदाला मामा पुन्हा पुढच्या रांगेत होते. पण त्या पंगतीतून उठले मात्र नाहीत, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आबांनी त्या दिवशीच्या रजिस्टरात ब्रशच्या कामाचं आधी लिहिलेलं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'मशीन ठीक होती. ऑपरेटर ठीक नव्हता.' पुढे वरून विचारणा आली, की अनधिकृत व्यक्तीने भोंगा का वाजवला. आबांनी उत्तर दिलं, 'भोंगा वाजला, पाणी आले, नदीत कोणी नव्हते. भोंग्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा नसावी.' त्यांना ताकीद मिळाली. ती ताकीद त्यांनी जपून ठेवली होती, आमच्या दोघींच्या मार्कशीटांच्याच फाइलीत.

भावजींनी शब्द पाळला. अक्का परभणीला राहून शिकली, मास्तरीण झाली, माझ्यापेक्षा जास्त पगार घेऊन रिटायर झाली आणि हे मला अजून ऐकवते. भावजींच्या मोज्यांना शेवटपर्यंत भोकं असायची. ते गेल्या वर्षी गेले. झोपेतच गेले, कोणाला तसदी न देता. दिवस झाल्यावर अक्का म्हणाली, शके, एकदा कॉलनीत जाऊन येऊ. आता तिथे काही नाही, क्वार्टरांची दारं लोकांनी काढून नेली, आमच्या मांडणीच्या जागी एक पिंपळ उगवलाय. अक्काने रिक्षावाल्याला शिवेवरच्या मारुतीपाशी थांबायला सांगितलं आणि पिशवीतून नारळ काढले. मी मोजले. पाच होते.

मी म्हटलं, "अक्का, वेडी का काय? नवस तर लग्न मोडलं तर फेडायचा होता."

"हो ना," ती म्हणाली आणि पहिला नारळ दगडावर आपटला. "न्हाई ऐकलं त्यानं माझं. त्याचेच फोडायले."